जास्तीचा एक ठोका

१२ फेब्रुवारी १९५५, शनिवार

ही डायरी मयताची व्यवस्था बघणाऱ्या दुकानाने चर्चमध्ये फुकट वाटली. दर पानाच्या डोक्यावर बायबलमधलं एक वचन आणि तळाशी दुकानाचा पत्ता. आजच्या पानावर आहे, 'जे झाकलेलं आहे ते उघड होईल.' वाचून हात थांबलाच. तरी लिहिते. कुणाला सांगायची सोय नाही आणि सांगितल्याशिवाय राहवत नाही, अशा बाईने दुसरं काय करायचं.

आज मी रेकॉर्डवर पियानो वाजवला.

ओफीलिया आत्याला सांगितलं, लाँड्रीत जास्तीचं काम आहे. गेले मात्र मेम्फिसच्या पार दुसऱ्या टोकाला. तिथे सोफ्यांना कापड चढवायच्या दुकानामागे डेल्बर्ट स्प्रॅगिन्स नावाच्या गोऱ्या माणसाने एका खोलीत स्टुडिओ थाटलाय. भिंतींना गोधड्या ठोकल्यात आणि खोलीभर सरसाचा वास आहे. गाणारा क्लीओटिस बेल. तो पूर्वी आमच्याच चर्चमध्ये गायचा. आता टायरच्या दुकानात काम करतो आणि शनिवारी नाचाच्या हॉलमधून गातो. त्याच्या पियानोवाल्याचा हात गाडीच्या दारात चेमटला, म्हणून मंगळवारी लाँड्रीच्या मागच्या दाराशी येऊन उभा.

"व्हर्नेल, तीन तासांचं काम आहे. तुझं नाव कुठे येणार नाही. तुझ्या बाबांच्या कानावर जाणार नाही."

"बाबांना कान चांगले आहेत."

"असतील. पण तसली गाणी लावणाऱ्या स्टेशनवर रेडिओचा काटा न्यायला हात धजणार नाही त्यांचा."

मी हो म्हटलं. चौतीस वर्षांची झाले. बारा वर्षं बाबांच्या उपदेशामागे वाजवते आहे. रविवारी वाजवलेलं रविवारीच हवेत विरतं, सोमवारी मी परत हॉटेलच्या चादरींना इस्त्री करते. माझा हात कसा वाजतो ते मला एकदा बाहेरून, परक्या बाईसारखं ऐकायचं होतं. एवढंच. पैशांसाठी गेले असते तर निदान सबब तरी झाली असती.

दोन गाणी नीट झाली. तिसरं धावतं होतं, बाई दार उघडत नाही आणि हा बाहेर ताटकळतोय असं काहीतरी. शेवटच्या कडव्यात तिसरी ओळ संपली आणि माझे दोन्ही हात आपोआप पट्ट्यांवरून उचलले गेले. ठोका रिकामा गेला. ड्रमवाला माझ्याकडे बघून थांबला, गिटार थांबली, क्लीओटिसने त्या फटीत मोठा श्वास घेतला, आणि मग सगळे एकदम परत ठोक्यावर कोसळले.

मी म्हटलं, "चुकलं माझं. परत घेऊ."

मिस्टर डेल्बर्ट काचेमागून बाहेर आले. शर्टावर कॉफी सांडली होती त्यांच्या. म्हणाले, "परत घेतलंत तर मी वायरी कापून टाकीन." आणि तेच ठेवलं.

१३ फेब्रुवारी, रविवार

आज चर्चमध्ये कळलं की हात का उचलले गेले. कळलं कसलं, ठाऊकच होतं.

बाबांचा उपदेश शेवटाकडे आला की बोलणं गाण्यात शिरतं. ते एक ओळ म्हणतात, मी पियानोवर जबाब देते. बायबलमधल्या यार्देन नदीच्या चार ओळी ठरलेल्या. तिसऱ्या ओळीनंतर बाबांचा दम संपतो. ते पुलपिट, म्हणजे उपदेशाचं उंच मेज, धरतात, छातीत शिट्टी वाजते, आणि तेवढा एक ठोका मी हात वर धरून थांबते. अख्खी मंडळी पुढे झुकते. लोकांना वाटतं पवित्र आत्मा उतरला. पाद्री होण्याआधी बाबा सरकीचं तेल काढायच्या गिरणीत होते. छातीत कापसाचा भुगा भरलाय, त्याचा हा दमा आहे, हे फक्त आमच्या घराला माहीत.

तर बाबांचा श्वास मी क्लीओटिसच्या गाण्यात टाकून आले. बारा वर्षांची सवय, हात काय विचारून थोडेच थांबतात.

भीती वाटते ती एकाच गोष्टीची. १२ जूनला बाबांना माउंट नेबो चर्चमध्ये पंचवीस वर्षं होतील. त्याच दिवशी मंडळी मतं देणार, बाबांनी राहायचं की जायचं. डीकन क्रेनशॉ चर्चचे मुख्य कारभारी. त्यांचा भाचा नॅशव्हिलला पाद्री व्हायचं शिकून आलाय आणि त्यांना त्याला पुलपिटावर चढवायचंय. बाबा गेले तर हे घरही जाईल, कारण घर चर्चचं. पाद्र्याची मुलगी सैतानाचं संगीत वाजवते एवढं क्रेनशॉंना कळायचा अवकाश.

१ मार्च, मंगळवार

क्लीओटिसने रेकॉर्ड आणून दिली. लेबलवर त्याचं नाव आहे, मिस्टर डेल्बर्टचं आहे, पियानोचं कुणाचंच नाही. असंच ठरलं होतं. तरी दोनदा उलटसुलट करून बघितली. एका बाजूला सावकाश प्रेमाचं गाणं, ते चालेल असं सगळ्यांना वाटतं. दाराचं गाणं पाठीमागच्या बाजूला टाकलंय. देव पावला.

१७ मार्च, गुरुवार

कसला पावतोय. दुपारच्या कार्यक्रमाच्या निवेदकाने रेकॉर्ड उलटी लावली. लाँड्रीत वाफेच्या आवाजात रेडिओ कुणाला ऐकू येत नाही, पण ती फट आली आणि सगळ्याजणींच्या इस्त्र्या थांबल्या. मग हसू पसरलं. निवेदक म्हणाला, "काय झालं तिथे? सगळे मेले की काय?" आणि त्याने तेवढाच भाग परत लावला. मग परत.

मी ऐकलं. माझा हात बरा वाजतो. डावा जरा जड आहे. लिहून ठेवते, कारण हे दुसऱ्या कुणापाशी बोलता येणार नाही, मला इतका आनंद झाला की उशीच्या अभ्र्यावर इस्त्री तशीच राहिली. बायकांवर देखरेख करणारा गोरा म्हणाला, "पोरी, लक्ष कुठंय?" त्याचं वय माझ्याहून दहाने कमी असेल.

२० मार्च, रविवार

उपासना झाल्यावर क्रेनशॉ पायरीवर उभे होते. म्हणाले, "मिस व्हर्नेल, आज फार रंगात होतात."

"ईस्टर जवळ आलाय, डीकन."

"हो. हल्ली सगळीकडेच रंग चढलाय. माझ्या मोलकरणीचा मुलगा दिवसभर एक गाणं म्हणतो. मध्येच श्वास धरतो, मग ओरडतो. त्याला दोन लगावल्या मी."

चोराच्या मनात चांदणं.

२ एप्रिल, शनिवार

घरातल्या रेडिओचा काटा आज त्या स्टेशनवर सापडला. आत्या धूळ पुसताना कुठेही हात लावते. तिला बोलले, तर म्हणाली, "मी पुसते, तू वाजव. ज्याचं त्याचं काम." मी तिच्याकडे बघतच राहिले, पण ती बटाटे सोलत होती.

बाबांचं काहीतरी बिनसलंय. आठवड्यात दोनदा पिकेटच्या केस कापायच्या दुकानात जातात. डोक्यावर केस मोजून वीस. विचारलं तर म्हणाले, "दाढी." दाढी घरी स्वतः करतात. पिकेटने दुकानात नाणं टाकलं की रेकॉर्ड वाजवणारी पेटी बसवली आहे, त्यात क्लीओटिसची रेकॉर्ड असणारच. बाबांना तिथे बसणं किती जड जात असेल. पण पिकेट जुना मित्र, सोडवत नसेल.

१० एप्रिल, ईस्टर

आज हात हवेत राहिले.

चर्च खचाखच. बाबा नदीपाशी आले. पहिली ओळ, मी जबाब दिला. दुसरी. तिसरी. मी हात उचलले आणि बाबा थांबलेच नाहीत. तिसऱ्या ओळीच्या पोटातून चौथी काढली. मी बावळटासारखी मागे धावले, दोन सूर चुकले. मंडळीला कळलं नसेल, मला कळलं. बारा वर्षांत पहिल्यांदा बाबांनी माझी वाट पाहिली नाही.

घरी विचारलं, "नवीन औषध लागू पडलं वाटतं?"

"हो," म्हणाले. मग पाठ फिरवून खोकले.

२४ एप्रिल, रविवार

तिसरा रविवार. तेच. बाबा त्या जागेवर थांबत नाहीत. जेवताना घामाने कॉलर भिजलेली होती आणि ताकाचा पेलाही धरवत नव्हता. हे औषध बरं दिसत नाही. मला मात्र दुसरंच डाचतंय. त्यांना कळलं असेल का? कळलं असेल आणि बोलायचं नसेल, म्हणून माझी जागाच काढून घेतली असेल? रागावून दोन शब्द बोलले असते तर परवडलं असतं. ते पियानोकडे बघतसुद्धा नाहीत.

आत्याला म्हटलं, "बाबा माझ्यावर रागावलेत."

"लूशियस? तो रागावला की ताट सरकवतो. ताट सरकवलं का?"

"नाही."

"मग गप जेव."

७ मे, शनिवार

क्लीओटिस लाँड्रीच्या दाराशी आला होता. ओठ फुटलेला. आर्कान्सात तंबाखूच्या गोदामात नाच होता. मधोमध दोरी, एका बाजूला गोरे, एका बाजूला आपले, नेहमीसारखं. दाराचं गाणं लागलं. ती फट आली आणि दोन्हीकडची पोरं हवेत उडाली.

"ठोका परत पडला तेव्हा खाली उतरायचं कुठे ते कुणाला कळेना," क्लीओटिस म्हणाला. "दोरी पायाखाली. सगळी सरमिसळ. शेरीफने दिवे लावले आणि पहिला हात मलाच लावला."

"लागलं फार?"

"ओठाचं जाऊ दे. व्हर्नेल, तुझ्या चुकीने दोरी पाडली."

तो हसत होता. मला हसू येईना. आज पेपरात बातमी आहे, गाण्याच्या नावासकट.

११ मे, बुधवार

क्रेनशॉ घरी आले. बाबा आजाऱ्यांना भेटायला गेले होते, हे बघूनच आले असणार. आत्याने रताळ्याचा केक पुढे ठेवला, त्यांनी दोन तुकडे खाल्ले, हात पुसले, आणि मग बोलले.

"मिस व्हर्नेल, पिकेटच्या दुकानात लोक बोलतायत. म्हणतात, त्या रेकॉर्डमध्ये आपल्या पास्टरचा श्वास आहे."

"श्वास सगळेच घेतात, डीकन."

"घेतात. पण गाणं थांबवून कोण घेतं? मी त्या पियानोसमोर पंचवीस वर्षं बसतोय. जो हात तिथे थांबतो तो कुणाचा, हे मला रेकॉर्डवर नाव वाचून कळायला नको." घड्याळ काढून टेबलावर ठेवलं. "१२ जूनला मी पहिल्या बाकावर बसेन. मंडळीतल्या दहाजणांना सांगून ठेवलंय, कान देऊन बसा. ती जागा आली आणि हात थांबला, तर मतांच्या आधी मी उभा राहून बोलेन. नाही थांबला, तर माझी शंका चुकली, मी माफी मागेन. याहून न्यायाने कसं वागायचं?"

आत्याने केकची थाळी उचलली. "तिसरा तुकडा घ्यायचाय का तुम्हाला, डीकन? नाही ना. मग दार तिकडे आहे."

ते गेल्यावर मला रडू कोसळलं. माझ्या तीन तासांच्या हौसेपायी बाबांची पंचवीस वर्षं. आत्या म्हणाली, "रडून पियानो वाजतो का?"

१९ मे, गुरुवार

बाबांना सगळं सांगायचं ठरवलं. स्वयंपाकघरात उभी राहिले आणि म्हटलं, "बाबा, मला बोलायचंय."

"१२ जूननंतर बोल," म्हणाले. मान वर न करता. "जे काही असेल ते तेव्हा."

२८ मे, शनिवार

सराव करते आहे. तिसऱ्या ओळीनंतर न थांबता पुढे जायचं, एवढं साधं काम. दुपारी रिकाम्या चर्चमध्ये वीस वेळा केलं. अकरा वेळा हात उचलले गेलेच. मनगटाला रुमाल बांधून बघितला. हसू आलं स्वतःचं, पण बांधला खरा.

डॉक्टर आले होते. म्हणाले, पास्टरने ओरडणं बंद करावं, नाहीतर एक दिवस उपदेश मध्येच राहील आणि माणूसही. बाबा म्हणाले, "१२ तारखेनंतर." सगळं १२ तारखेनंतर.

११ जून, शनिवार

बाबांना जेवायला बोलवायला पिकेटच्या दुकानात गेले. काचेतून बघितलं. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. बाबा खुर्चीत बसलेले, हातात घड्याळ, पेटीत आमची रेकॉर्ड चालू. ती फट आली तेव्हा बाबांचे ओठ हलत होते. भराभर, डोळे मिटून, घड्याळ घट्ट धरून. गाणं संपलं, त्यांनी खोकून घेतलं आणि पिकेटला बोटाने खूण केली, परत लाव.

माझ्यासाठी प्रार्थना करत असतील. किंवा त्या गाण्याला शाप देत असतील. म्हणजे माहीत आहे त्यांना. आत जायचं धाडस झालं नाही, तशीच परत आले. आत्याला म्हटलं, दुकान बंद होतं.

उद्या हात थांबू देणार नाही. बोटं मोडली तरी.

१२ जून, रविवार

सगळं क्रमाने लिहायला हवं, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

उकाडा मरणाचा. मंडळी मयतवाल्याच्या पुठ्ठ्याच्या पंख्यांनी वारा घेत होती. क्रेनशॉ पहिल्या बाकावर, घड्याळ मांडीवर. शेजारी भाचा, नव्या सुटात. मागे ते दहाजण, कान टवकारून. आत्या माझ्यासमोरच्या कोपऱ्यात.

बाबा चांगले बोलले. पंचवीस वर्षांत पाठवणी केलेल्या माणसांची नावं घेतली, लग्नं लावलेल्यांची घेतली, बाया रडल्या. मग आवाज चढला आणि मला कळलं, आता नदी.

"मी आलो नदीपाशी."

मी जबाब दिला. लोक म्हणाले, "बोला, पास्टर."

"पाणी होतं गार."

जबाब दिला. मनगट ताठ धरलं होतं.

"पाणी होतं खोल."

पंखे थांबले. सगळ्या चर्चमध्ये एकही पंखा हलत नव्हता. बाबांनी चौथी ओळ तिसरीलाच जोडून ओढायला घेतली आणि पहिल्याच शब्दाला आवाज फाटला. पुढचा शब्द आलाच नाही. पुलपिट धरलेली बोटं पांढरी पडली, ओठ निळे. तरी ते तोंड हलवत होते, भराभर, काल पिकेटच्या खुर्चीत हलवत होते तसेच. आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं. ईस्टरनंतर पहिल्यांदा. मान हलवली, एवढीशी. थांबू नकोस.

तेव्हा मला उमगलं. शाप नव्हता तो. माणूस घड्याळ लावून सराव करत होता. त्या फटीत शब्द भरायचा सराव. ईस्टरपासून दर रविवारी आपला दम गिळून मला झाकत होता, आणि मी नऊ आठवडे रुसून बसले होते. अशी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती.

मी हात उचलले.

नीट उचलले, सगळ्यांना दिसतील असे, खांद्यापर्यंत. आणि थांबले. एक ठोका नाही, दोन नाही, लागतील तेवढे. क्रेनशॉ उठून उभे राहिलेले मला दिसले. मी हात खाली घेतले नाहीत.

त्या शांततेत आत्याचा आवाज आला. मोठा नाही, घरात बोलते तसा. "घे रे, लूशियस. घे."

बाबांनी श्वास घेतला. गंजक्या बिजागरीसारखा वाजला तो, शेवटच्या बाकापर्यंत. मग त्यांनी चौथी ओळ म्हटली. "पण नाव होती बांधलेली, माझ्यासाठी." आणि मी जबाब दिला. डावा हात जड नव्हता.

क्रेनशॉ बोलायला लागले, "मंडळींनी आत्ताच ऐकलं की..."

"बसा, डीकन," बाबा म्हणाले. "घड्याळ खिशात ठेवा. तो श्वास माझा आहे. पिकेटच्या पेटीत नाणी टाकून टाकून मी तो ऐकलाय. ती रेकॉर्ड माझ्या मुलीने वाजवली आहे." परत श्वास घेतला, आता लपवला नाही. "पहिल्यांदा ऐकली तेव्हा मी रागावलो. दुसऱ्यांदा ऐकली तेव्हा कळलं, माझी पोर जिथे जाईल तिथे माझ्यासाठी जागा ठेवते. यात सैतानाचं काय आहे ते मला सापडलं नाही. तुम्हाला सापडलं तर मतं द्या. आणि वाजवते चांगली."

वाजवते चांगली, म्हणाले. पुलपिटावरून, सगळ्यांसमोर. ज्यासाठी मी फेब्रुवारीत त्या गोधड्यांच्या खोलीत गेले होते ते मला आज मिळालं. मिळालं आणि त्याच मिनिटाला घर गेलं.

मतं झाली. जाण्याच्या बाजूने एकसष्ट, राहण्याच्या बाजूने अठ्ठावन्न. निकाल वाचताना क्रेनशॉंनी आमच्याकडे बघितलं नाही. माफी मागायचं कारण उरलं नव्हतं त्यांना.

१३ जून, सोमवार

लाँड्रीत गेले. संध्याकाळी सामान बांधायला घेतलं. बाबा म्हणाले, "आता बोल. १२ जून गेला." मी म्हटलं, "आता काय बोलू?" तरी बोलले. सरसाच्या वासासकट सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "ड्रमवाला कोण होता? चांगला सावरला त्याने."

२ जुलै, शनिवार

पिकेटच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत आलो. चर्चचा पियानो चर्चमध्येच राहिला. नवा पियानोवाला भाच्याने नॅशव्हिलहून आणलाय, तो म्हणे कागदावर बघून वाजवतो. खालून पेटीचा आवाज दिवसभर येतो. दाराचं गाणं रोज निदान सहा वेळा. आत्या म्हणते, हे बरं, घड्याळ बघायला नको.

गेल्या रविवारी बाबांनी खालीच उपासना घेतली. आरसे चादरींनी झाकले, केस कापायच्या खुर्च्यांवर म्हाताऱ्या बसल्या. सतरा माणसं आली. मी टेबलावर बोटांनी ठोके दिले. ती जागा आली, बाबा थांबले, मी थांबले.

२१ ऑगस्ट, रविवार

आज उपासनेनंतर माझं डोकं फिरायची वेळ आली.

क्लीओटिस धावत जिना चढून आला आणि रेडिओचा काटा फिरवला. गोऱ्यांचं मोठं स्टेशन. उत्तरेकडचा कुणी गुळगुळीत आवाजाचा गोरा गायक, मागे वीस वाजंत्री, आणि गाणं दाराचं. शब्द जरा धुऊन पुसून घेतलेले, बाकी सगळं तेच. माझा उजव्या हाताचा पळवलेला तुकडासुद्धा, सुरासकट. निवेदक म्हणाला, देशभर गाजतंय, असं काही आधी कुणी केलं नव्हतं.

मग ती फट आली. हुबेहूब. सगळे थांबले, आणि त्या गायकाने फटीत एक श्वास घेतला. माइकला अगदी चिकटून, ऐकू येईल असा. आमच्या रेकॉर्डमध्ये ती एकदाच आहे. यांनी दर कडव्याला घातली आहे.

क्लीओटिस पलंगाच्या काठावर बसून राहिला. "आता माझी रेकॉर्ड कुणी लावणार नाही," म्हणाला. "माझ्याकडे येऊन लोक म्हणतील, त्या गोऱ्याचं गाणं गा."

मी काय काय बोलले ते लिहीत नाही, मयतवाल्याच्या डायरीत वचनांच्या खाली शोभणार नाही. चोरच सगळे, एवढं तर बोललेच. म्हटलं, "बाबा, त्याला ठाऊक तरी आहे का तिथे का थांबायचं? तो का थांबतोय? त्याची छाती तर धडधाकट आहे."

बाबा खिडकीशी खुर्चीत होते, हात छातीवर. मग म्हणाले, "श्वास नेला माझा. दमा मात्र इथेच ठेवून गेले."

आत्या हसायला लागली. हसता हसता तिला खुर्चीचा हात धरावा लागला. क्लीओटिसही हसला, फुटलेल्या ओठाची खूण अजून दिसते त्याच्या. मी हसले आणि हसता हसता रडले. मला राग येतो आहे आणि तो जाणार नाही, हेही लिहून ठेवते.

मी रेडिओ बंद करायला उठले. बाबा म्हणाले, "असू दे. अजून एक कडवं आहे." आम्ही चौघं ऐकत बसलो. ती जागा परत आली, आणि बाबांनी श्वास घेतला.